ताईच्या पाठीवरचा हात

मी अमरावतीच्या एका कॉलेजात बायोटेक्नॉलॉजी शिकवते. भास, झपाटणं, स्वप्नात येणारी मेलेली माणसं... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी चहाचे कप उचलून सरळ आत जायचे. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण जे झालं ते असं झालं.

माझी मोठी बहीण, ताई, अकोल्याजवळच्या एका गावात भाऊजींसोबत कृषी केंद्र चालवायची. त्या वर्षांत कपाशीच्या गावांतून येणारी बातमी वाईटच असायची. कोणी एकटा आला आणि पिकाचं नाव न सांगता फवारणीचं औषध मागायला लागला, तर ताई बाटली काउंटरवर ठेवायचीच नाही. "उद्या बायकोले घेऊन ये, मंग पाहू," म्हणायची. लोक चिडायचे. तिला फरक पडायचा नाही.

अशा बाईचा खोकला थांबेना. फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला. उभ्या जन्मात तिने तंबाखूला हात लावला नव्हता. गाव म्हणालं, दुकानातल्या औषधांच्या वासाने झालं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही.

केमोसाठी ती माझ्याकडे अमरावतीला राहायला आली. माझी पीएच.डी. नेमकी याच विषयातली. सेल अ‍ॅडहीजन मॉलिक्यूल्स, म्हणजे पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे रेणू. कॅन्सरच्या पेशीत यांतले काही कमी झाले की तिची पकड सुटते, ती रक्तात उतरते, आणि दुसऱ्याच रेणूंच्या आधाराने कुठेतरी लांब जाऊन चिकटते. ताईने विचारलं म्हणून मी तिला हे समजावून सांगितलं.

"मंग ते निंगाली का समजते का आपल्याले?" तिने विचारलं.

"नाही समजत ताई. एक पेशी केवढी असते!"

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी मी कॉलेजातून आले तर ताई खुशीत होती. म्हणाली, "आज आई आली होती वं. इथं चोळून दिलं," आणि उजव्या खांद्याखालची जागा दाखवली.

आमच्या आईला जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. कडबा कापताना तिच्या तर्जनीचा शेंडा तुटला होता, आणि त्या आखूड बोटाचा स्पर्श आम्ही दोघी झोपेतही ओळखायचो. ताई म्हणाली, तोच हात होता. मी म्हटलं, औषधांमुळे होतं असं. मळमळीच्या गोळ्यांनीसुद्धा होतं.

त्याच आठवड्यातल्या स्कॅनमध्ये कॅन्सर कुठे पसरलेला दिसला नाही. पुढच्या स्कॅनमध्ये उजव्या खांद्याखालच्या बरगडीत डाग दिसला.

योगायोग. मी तेच म्हटलं.

मग आईने कंबर चोळली. या वेळी मात्र मी डॉक्टरांच्या मागे लागले... कमरेचं काहीतरी बघा म्हणून. ते समजूतदार होते, एमआरआय लिहून दिला. काहीही नव्हतं. "मॅडम, तुम्ही घाबरलेल्या आहात," ते म्हणाले. दिवाळीनंतर ताईला उठून बसता येईना. तेव्हा मणक्यात डाग सापडला, तिने दाखवलं होतं तिथेच.

ताईलाही आता कळलं होतं. एकदा मला म्हणाली, "आई हे दुखणं आणून राहिली का सांगून राहिली, तुले काय वाटते?"

मी तिच्या गोळ्या आणायला उठले.

आता माझं स्वतःचं सांगते. रविवारची दुपार होती, खिडकीतून लख्ख ऊन आत आलेलं. ताई डोळे मिटून कुशीवर पडली होती आणि मी तिच्या बरगड्यांखाली, उजव्या अंगाला, कोमट तेल लावत होते. माझ्या हातावर एक हात आला. अगदी हलका, कोरडा. चार बोटं पूर्ण टेकली — आणि तर्जनीच्या जागी आखूड बोट.

मी हात झटकून मागे सरकले. खोलीत आम्ही दोघीच होतो.

ताईने डोळे उघडले नाहीत. म्हणाली, "काहून काढला? दोघींचे हात होते तं बरं वाटून राहिलं होतं."

मी तिला काहीच सांगितलं नव्हतं!

त्या महिन्याच्या सोनोग्राफीत यकृतात गाठी दिसल्या.

त्या दिवशी मी ताईवर ओरडले. "तिले सांग, येऊ नको म्हणा! नाही म्हण तिले!"

ताई म्हणाली, "दिवसभर नुसती आग होते वं. तिचा हात आला का तेवढी घडी दुखत नाही. आन् मी तिले नाही म्हणू?"

त्यानंतर तिने मला जागा दाखवणं बंद केलं. मी विचारायचे, "आली होती का?" ती विषय बदलायची, भाऊजींनी दुकान उघडलं का विचारायची.

शेवटी केमो थांबवली आणि आम्ही तिला गावी नेलं. एका दुपारी भाऊजी बाहेर कोणाशी तरी बोलत होते, मी तिच्याजवळ बसले होते. ताईने हळूच मान मागे टेकली आणि कपाळ वर केलं, लहान मूल करतं तसं. चेहऱ्यावरची आग सगळी उतरली. मला कळलं.

मी उठून तिच्या कपाळावर माझा तळहात दाबून धरला. वाटलं, मध्ये माझा हात असला तर... काय वाटलं ते मलाही सांगता येत नाही. मी दाबून धरून बसले. माझ्या हातावर कोणी हात ठेवला नाही. ताई पुटपुटली, "सरक ना वं थोडी."

मी सरकले.

दोन-चार दिवसांनी तिला झटके आले, ती कोणाला ओळखेना, आणि गेली. मेंदूचा स्कॅन केलाच नाही, तेव्हा तिथे काही होतं की नाही ते आता कधीच कळणार नाही.

यावर कोणाकडे काही उत्तर असेल तर जरूर सांगा. आई ते दुखणं आणायला येत होती की सांगायला, हेही मला आजवर ठरवता आलेलं नाही. आणायला येत असेल, तर आणणारी आमची स्वतःची आई होती. सांगायला येत असेल, तर दर वेळी ती आमच्या आधी पोचली, आणि आम्हाला काही करता आलं नाही.