उतरत्या छपरावरच्या कुरडया

बाहत्तरच्या आगेमागे नागापूरजवळ आमची कॉलनी उभी राहिली. सोसायटीचा नियम असा की, रस्त्यावरून दिसणारं प्रत्येक छप्पर लाल मंगलोरी कौलांचं हवं आणि उतार सगळ्यांचा सारखा. मी त्या नियमावर भाळलेच. पारनेरकडच्या खेड्यात मातीच्या सपाट माळवदाखाली वाढलेली मी, कौलं चढली तशी स्वतःला बंगलेवाली समजायला लागले. सकाळी कुंकू लावायच्या आधी बाहेर जाऊन छप्पर बघून यायचे.

आमच्या ह्यांना मात्र एकच घोर होता. गावी आई एकटी, आणि ती यायला तयार नव्हती. "माळवद न्हाई तर वाळवण काय डोक्यावर घालू?" हे तिचं ठरलेलं उत्तर. त्या उन्हाळ्यात ह्यांनी तिला कशीबशी चार दिवसांसाठी आणली, आणि आत्याबाईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, इथे रमवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. शहाणी ना मी!

गहू भिजवले, चीक शिजवला. अंगणात ओल्या धोतरावर कुरडया घातल्या आणि म्हटलं, "आत्याबाई, कौलं माळवदापेक्षा जास्त तापतात. दुपारीच वाळतील बघा."

"पोरी, तिथं पाणी थांबत न्हाई. कुरडई थांबंल व्हय?"

"तुम्ही बघाच."

शिडी लावून आम्ही दोघांनी ते धोतर घराच्या समोरच्या छपरावर चढवलं. वरची कड कौलांखाली खोचली. मी शिडीवर, हे खाली शिडी धरून, आत्याबाई ओट्यावर. तेवढ्यात सोसायटीचे चेअरमन सायकलवरून आले नि छपराखाली थांबले.

"वहिनी, समोरच्या छपरावर धुणं वाळत घालायचं नाही, सांगितलंय ना?"

"धुणं नाही हो, कुरडया आहेत!" मी ऐटीत वळले. माझा कोपर धोतराला लागला आणि कुरडयांसकट ते सरळ चेअरमनांच्या अंगावर आलं.

धोतर बाजूला झालं तेव्हा त्यांच्या कानांवरून कुरडया मुंडावळ्यांसारख्या लोंबत होत्या. मी शिडीवरच डोळे मिटले. आता नोटीस येणार आणि आत्याबाई संध्याकाळची एस.टी. धरणार! पण मागून खो खो हसू ऐकू आलं. आल्यापासून आत्याबाई पहिल्यांदाच हसत होत्या.

चेअरमनांनी कानावरची कुरडई काढली, थोडा विचार केला आणि तोंडात टाकली. "कोपरगावला आई होती तेव्हा खाल्लेली अशी ओली."

"मग नीट बसून खा की, बाबा," म्हणत आत्याबाईंनी उरलेला चीक तेल घालून पुढे केला. त्यांची वाटी निम्मी झाल्यावर हळूच विचारलं, "तुमचा नियम रस्त्यावरनं दिसंल त्याला ना? मागचं सैपाकघर कुणाला दिसतंय?"

चेअरमन वाटी घेऊनच घरामागे जाऊन आले. "मागे टाका सपाट स्लॅब. जिनाही मागूनच काढा."

ह्यांनी आईकडे पाहिलं. ती वाटीत आणखी चीक वाढत होती.

स्लॅब झाला तेव्हा आत्याबाई "नुसता बघाया" आल्या, पण पिशवीत सोऱ्या होता. वर चढून त्यांनी टाच आपटून पाहिली. "जमंल," म्हणाल्या. पुन्हा गावी राहायला जायचं नाव काढलं नाही.

समोरच्या कौलांवर चिकाचे पांढरे ओघळ बरीच वर्षं राहिले. मी पुसायला निघाले की आत्याबाई शिडी लपवून ठेवायच्या. आल्यागेल्याला अंगणात उभं करून दाखवायच्या, "ही बघा आमच्या सूनबाईची अक्कल. हिच्यामुळंच मी हितं हाय."