नकाशावर ठेवलेला हंडा

गेल्या रविवारी माझी चांगलीच जिरली... आणि ज्यांनी जिरवली त्यांचे आभार मानायचे राहून गेलेत, म्हणून ही पोस्ट.

मी इथे छत्रपती संभाजीनगरला टाउन प्लॅनिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या विद्यार्थी असोसिएशनची सेक्रेटरी आहे. सेक्रेटरी म्हणजे हॉलची किल्ली आणणारी, बॅनर बांधणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी. दरवर्षी असोसिएशन शहरातली एक वस्ती घेते, घरोघरी जाऊन सर्व्हे करते आणि नकाशा काढते. यंदाची वस्ती पैठण रोडच्या बाजूची होती. नाव लिहीत नाही, तिथल्या बायका फेसबुकवर आहेत...

यंदा आमचा भाव जरा वाढला होता. वस्तीच्या मधोमध एक मोकळी जागा आहे, तिथं काहीतरी करायचं वॉर्ड ऑफिसच्या इंजिनिअर साहेबांच्या मनात होतं. त्यांनी स्वतःहून निरोप दिला, सोमवारी तुमचा नकाशा घेऊन या. कॉलेजच्या भिंतीवर लटकून पिवळे पडलेले नकाशेच मी आजवर पाहिले होते, हा पहिल्यांदा कुणीतरी खरोखर वापरणार होतं.

नकाशात आम्ही त्या जागेवर बाग काढली. बाकं, चालायचा ट्रॅक, कडुलिंब, भोवतीनं जाळीचं कुंपण. हिरवा रंग असा सुरेख उतरला होता की क्रांती चौकातल्या प्रिंटवाल्यानंसुद्धा दाद दिली.

आता आमच्या असोसिएशनचा एक जुना नियम आहे. नकाशा कुठेही द्यायच्या आधी तो वस्तीत जमिनीवर अंथरायचा, लाल स्केचपेन लोकांच्या हातात द्यायचं आणि आपण तोंड बंद ठेवायचं. मला हे नेहमीच वेळखाऊ वाटायचं. सर्व्हे झालाय, फोटो आहेत, अजून काय हवं? मी सरळ म्हटलं, यंदा राहू द्या.

पल्लवीताई मागच्या वर्षीची आमची प्रेसिडेंट. करमाडची आहे, कधी आवाज चढवत नाही. "नकाशा आधी वस्तीला, मग साहेबाला. तुला जमत नसंल तर मी एकटी जाते," एवढंच म्हणाली. मग काय... गेले. तोंड वाकडं करून गेले.

रविवारी सकाळी त्याच मोकळ्या जागेवर आम्ही नकाशा अंथरला. दहा-बारा बायका जमल्या. "लई भारी काढलंय पोरींनी," एक आजी म्हणाल्या. पेन सगळ्यांच्या हातातून फिरलं आणि कुणी एक रेघही न मारता माझ्याकडे परत आलं. मी पल्लवीताईकडे बघितलं, अगदी 'सांगत नव्हते?' अशा नजरेनं.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या घरातल्या शोभामावशी आल्या. सकाळी दोन ठिकाणी स्वयंपाकाची कामं करतात, घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. नकाशावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे हिरवं काय? मी मोठ्या उत्साहानं बाग समजावून सांगितली. त्या तडक घरात गेल्या, रिकामा हंडा घेऊन आल्या आणि माझ्या बागेवर ठेवला.

"आता सांग. हा कुठं ठेवू?"

मला काही कळेना. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. वस्तीच्या गल्ल्या अरुंद, पाण्याचा टँकर वळू शकतो तो फक्त इथं. टँकरच्या दिवशी सकाळी या जागेवर ड्रमची रांग लागते, पाय ठेवायला जागा नसते. "कुंपण घातलं की टँकर मेन रोडला थांबल. मग मी पाणी आणू का सासूकडं बघू?"

आमचा सर्व्हे झाला होता फक्त शनिवारी दुपारी, कारण तेव्हा आम्हाला सुट्टी. टँकर कधीच शनिवारी येत नाही. आणि गंमत म्हणजे ड्रम आम्ही मोजले होते हो... घराघरांत जाऊन, 'घरगुती सामान' या रकान्यात! ते बाहेर कधी आणि कशासाठी निघतात, हे विचारायचं एकालाही सुचलं नाही.

मला मनापासून लाज वाटली. आणखी एक दिवस गेला असता तर ही जागा माझ्या सहीनं बंद झाली असती.

त्यानंतर मात्र पेन कुणी खाली ठेवेना. टँकर कसा वळतो, पाईप कुठवर पुरतो, कुणाचा ड्रम कुणाच्या मागं... आमचा सुंदर हिरवा रंग लाल रेघांखाली पार गेला. कडुलिंब तेवढा वाचला, तोही कडेला, रांगेत उभं राहणाऱ्यांना सावली म्हणून.

सोमवारी तोच लाल रेघांचा नकाशा घेऊन आम्ही वॉर्ड ऑफिसला गेलो. "बाग नाही काढली? जागा तर मोकळीच आहे," साहेब म्हणाले. मी म्हटलं, मोकळी नाहीये सर, मलाही कालपर्यंत मोकळीच वाटत होती. मग सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, कुंपण घालणार नाही म्हणाले, कडेच्या झाडांचं बघू म्हणाले आणि नकाशा ठेवून घेतला.

बाहेर आल्या आल्या मावशींना फोन लावला. मला वाटलं खूश होतील. "बरं झालं. बुधवारी टँकर हाय, साडेसहाला ये. पाईप धरायला माणूस लागतं," म्हणाल्या आणि फोन ठेवला.

काल गेले होते. पाईप धरला, नखशिखान्त भिजले, एका काकूंचा नंबर चुकवला म्हणून ओरडाही खाल्ला. मावशींचा ड्रम भरला तशा त्या सासूबाईंना अंघोळ घालायला लगबगीनं आत गेल्या. पाण्याच्या गडबडीत थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं.

मावशी, त्या रविवारी 'पोरी शिकलेल्या आहेत, त्यांना कळत असेल' असं म्हणून तुम्ही गप्प बसला असतात, तर मी तुमचं पाणी तोडून वर टाळ्या घेतल्या असत्या. तुम्ही गप्प बसला नाहीत... खूप खूप आभार.