उष्टं पन्हं

पन्हं करायला फार अक्कल लागत नाही. मी ते पन्नास उन्हाळे करते आहे, यावरूनच हे सिद्ध होतं. कैऱ्या, गूळ, वेलची, मीठ, पाणी. सोलापूरच्या उन्हात दुपारी दीड वाजता कोणी दारात आलं की आधी हे हातात द्यायचं आणि मग काय काम काढलंत ते विचारायचं. सूनबाई कैऱ्या कुकरला लावते, तीन शिट्ट्या करते आणि गर मिक्सरमधून काढते. वाईट होत नाही. मी मात्र जाळीवर भाजते, साल काळी पडून तडकेपर्यंत. घरभर धूर होतो, ती न बोलता खिडक्या उघडते. धुराचा वास गरात उतरला नाही तर ते पन्हं नव्हे, आंबट सरबत.

कैरी घेताना देठाशी जरा कापून बघायची. कोय सुरीला अडली तर ती पन्ह्याची. कोय पांढरी, मऊ असेल तर ती डाळीत घालायची. गूळ किती, ते चाखून ठरवायचं नाही. थेंब अंगठा आणि बोटात धरायचा, बोटं जवळ आणायची, लांब न्यायची. सुटताना जरा ओढ लागली की पुरे.

हे सगळं माझं आहे, अशी लोकांची समजूत आहे. आजींच्या हाताला काय चव आहे, असं म्हणतात, आणि मी मान खाली घालून लाजते. सत्तरी ओलांडलेल्या बाईला लाजताना कोणी पाहिलं नसेल तर आमच्याकडे चैत्रात यावं. हे पन्हं माझं नाही. आत्याबाईंचं आहे. माझ्याकडे ते कसं आलं, ते लिहून ठेवते.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. लहानपणीच मंद्रूपला, खेड्यात दिली होती. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या शुक्रवार पेठेत भावाच्या दोन खोल्यांत परत आल्या, त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या साठीच्या असतील. मिशरी लावून लावून दात गेले होते, पुढचे दोन तेवढे राहिले होते. पेठेत चाळीस वर्षं काढूनही बोलणं मंद्रूपचंच. सासूबाईंना ते आवडत नसे. पाहुण्यांसमोर आत्याबाईंनी तोंड उघडलं की सासूबाईंना त्यांच्यासाठी काहीतरी आतलं काम आठवे.

चैत्रात गौर बसली की एका शुक्रवारी आमच्याकडे हळदीकुंकू असे. गल्लीतल्या तीसेक बायका येत. पन्हं आत्याबाईंनी करायचं आणि बायका यायला लागल्या की मागे मोरीपाशी जाऊन बसायचं. विधवेला कुंकू लावत नाहीत, मग ती पुढे कशाला? कोणी त्यांना जा म्हणत नसे. त्या आपल्याच उठत. पण त्याआधीचे दोन दिवस घर त्यांच्या तालावर चाले. कैऱ्या त्या निवडणार, शेगडीतली आर त्या धरणार, माठात वाळ्याची जुडी कधी टाकायची ते त्या सांगणार. सासूबाईसुद्धा विचारत, वन्सं, गूळ अजून किसू का? वर्षातले एवढे दोनच दिवस त्या घरात त्यांना कोणी काही विचारत असे. हे मला तेव्हा दिसलं नाही. मला तेव्हा आरशाशिवाय काही दिसत नव्हतं.

लग्नानंतरचं माझं ते पहिलं हळदीकुंकू. आईने वांगी रंगाची इरकल दिली होती. ती नेसून मी कपाटाच्या आरशासमोर कितीदा गेले ते आरशालाच ठाऊक. वय वर्षं वीस, केसांत गजरा, डोक्यात भुसा. सासूबाईंनी मला एकच काम दिलं होतं: पन्ह्यात मीठ घालायचं. आत्याबाईंनी चिमटी मोजून पळीत काढून ठेवलं होतं. मी ते घातलं. किंवा नाही घातलं. पळी रिकामी होती, पण मीच मघाशी ती पुसून ठेवली असं मला वाटत होतं. पदर नीट करण्याच्या नादात नेमकं काय केलं ते काही केल्या आठवेना.

सरळ विचारायचं की नाही? पण एवढंसं काम जमलं नाही, हे कोण सांगणार? आत्याबाई मागे पाय धुवायला गेल्या होत्या, सासूबाई पुढे गौरीसमोर आरास करत होत्या. मी वाटीभर पन्हं काढलं आणि प्यायले. मीठ होतं. मग दुसरी वाटी काढली, तिला मात्र मिठाचं कारण नव्हतं. असं पन्हं मी त्यानंतर कधी प्यायले नाही, मी स्वतः केलेलं धरून.

आता हे सांगायला हवं, कारण हल्ली कोणाला ठाऊक नसतं. गौरीला नैवेद्य दाखवायच्या आधी पन्हं चाखायचं नसे. चाखलं की उष्टं. उष्टं देवीला चालत नाही. म्हणून तर आत्याबाई गूळ बोटांवर बघत.

पुढून सासूबाईंची पावलं वाजली. मी वाटी पाट्यामागे सरकवली. पाट्यावर मघापर्यंत आत्याबाई डाळ वाटत होत्या, ती जागा त्यांची. हे मी ठरवून केलं का? पन्नास वर्षं मी स्वतःला सांगत आले की हाताजवळ तीच जागा होती. चौरंगाखालची जागाही हाताजवळच होती.

सासूबाईंना वाटी लगेच दिसली. तोवर आत्याबाई आत आल्या होत्या, पाय ओले, हातात तांब्या. सासूबाई आवाज न चढवता बोलल्या, आणि ते चढवण्यापेक्षा वाईट होतं.

"वन्सं, एवढा धीर निघेना? गौरीच्या आधी तुमची जीभ? ह्या वयात?"

बाईच्या जिभेवरून बोलणं, त्यातून विधवेच्या, म्हणजे काय, हे त्या काळात कळायला पुस्तक लागत नसे. आत्याबाईंनी वाटीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. माझ्या इरकलीच्या निऱ्यांवर पिवळा थेंब होता. तो त्यांनी पाहिला, आणि त्यांनी पाहिला हे मी पाहिलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं."

एवढ्या वेळात मला एक वाक्य बोलायचं होतं. मी चाखलं. दोनच शब्द. मी गजरा चाचपला.

पन्हं टाकून द्यावं लागलं. माठभर. ते मोरीत ओतायचं काम मलाच सांगितलं. ओतताना माझ्या मनात काय होतं, विचारा. साडीवर शिंतोडे उडू नयेत, हे होतं. उरलेल्या कैऱ्या घाईघाईने उकडून सासूबाईंनी दुसरं पन्हं केलं. बायकांनी पेले रिकामे केले आणि यंदा जरा निराळं लागतंय, असं म्हणाल्या. सासूबाईंनी मोरीकडे बघत सुस्कारा टाकला. तेवढ्याने गल्लीला समजायचं ते समजलं.

संध्याकाळी भांडी घासताना मी आत्याबाईंजवळ बसले. म्हटलं, आत्याबाई, ते सकाळचं... त्यांनी राखेचा हात वर केला.

"ऱ्हाऊ दे पोरी. तुझं पयलं हळदीकुंकू हाय. माझं काय जातंय?"

मी ते खरं मानलं. इतकं खरं मानलं, की माझ्या छातीवरचं ओझं तिथल्या तिथे उतरलं आणि मी कलिंगडाच्या दोन फोडी खाल्ल्या. त्यांचं काय गेलं ते दुसऱ्या वर्षी कळलं. नैवेद्याला वन्संनी हात लावायचा नाही, असं सासूबाईंनी ठरवून टाकलं होतं. पन्हं सुनेकडे आलं. म्हणजे माझ्याकडे.

आत्याबाई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून मला सांगत. अजून भाज. ती न्हाय, ती कोवळी हाय. गूळ लई झाला, पाणी घाल. मी बोटं जवळ आणायची, लांब न्यायची, आणि त्या उंबऱ्यापलीकडून माझ्या बोटांकडे बघत. त्यांचा हात आपोआप पुढे यायचा, मग पदरात जायचा. असे बारा चैत्र गेले. माझ्या हाताला चव आहे, हे तिसऱ्या वर्षीच गल्लीत पसरलं होतं. मी लाजायला शिकले ती तेव्हा.

दर वर्षी बायका गेल्या की मी एक पेला भरून मागे नेत असे. फार मोठं मन होतं ना माझं. त्या म्हणत, ठेव तितं, दात आंबत्यात गं. मी म्हणे, बरं, आणि पेला परत आणत असे. दोन दात. ते आंबत होते म्हणे. बारा वर्षं मी त्यावर विश्वास ठेवला, कारण विश्वास ठेवणं सोयीचं होतं. तेरावा चैत्र यायच्या आधी, माघातच त्या गेल्या. सासूबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. त्यांनाही मी सांगितलं नाही. आता कशाला, असं वाटे. आता कशाला हे वाक्य कुठल्याही वर्षी चालतं.

माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली. पेठेतलं घर विकलं, होटगी रोडला फ्लॅट घेतला. हळदीकुंकू सूनबाई करते. ती बँकेत आहे, मनाची चांगली आहे, माझ्या गोळ्या वेळेवर देते. यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात ती म्हणाली, आई, पन्हं तुम्हीच करा, सगळ्या तुमच्या पन्ह्यासाठी येतात. आणि बायका यायच्या वेळेला म्हणाली, आई, हॉलमध्ये फार उकडतंय, तुम्ही आत एसीत पडा. आत्याबाईंना मोरी होती, मला एसी आहे. एवढी सुधारणा झाली. मी तीन चैत्र एसीत पडले, आणि छताकडे बघताना दर वेळी आत्याबाईंचा राखेचा हात दिसला.

यंदा म्हटलं, पुरे. ते दोन शब्द एकदा कोणासमोर तरी बोलायचे.

सकाळी पन्हं झालं. सूनबाई ओट्याशी कागदी पेले मांडत होती. मी तिच्या देखत वाटीभर काढलं आणि प्यायले. ती म्हणाली, कसं झालंय? मी म्हटलं, अगं, गौरीला अजून दाखवलेलं नाही. ती हसली. "चालतं हो आई. कोण बघतं आता." मी वाटी हातात धरून उभी राहिले. ज्या गोष्टीपायी एका बाईचा हात नैवेद्यावरून उठला, त्या गोष्टीची शिक्षा माफ झाली होती आणि मला कोणी कळवलं नव्हतं. मी तिला आत्याबाईंचं सांगायला लागले. अर्ध्यात तिचा फोन वाजला. बोलून आल्यावर ती म्हणाली, बिचाऱ्या. आणि मग, आई, आत एसी लावून ठेवलाय.

मी आत गेले नाही. बायका आल्या तेव्हा मी गौरीशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. सूनबाईने एकदा पाहिलं. पेले फिरले. कोणीतरी म्हणालं, आजी, तुमच्या हाताला काय चव आहे.

म्हटलं, ही चव माझी नाही. आणि मी सांगितलं. सगळं. इरकल, आरसा, मीठ घातलं की नाही घातलं, दुसरी वाटी, पाट्यामागे सरकवलेली. मी चाखलं, हेही म्हणाले. मोठ्याने.

त्या हसल्या. पोट धरून हसल्या. आजी, तुम्ही भलत्याच खट्याळ होता की, असं एक म्हणाली, दुसरीने डोळे पुसले. दोष त्यांचा नाही. मी ते तसंच सांगितलं होतं, गजऱ्यासकट. मला दुसऱ्या तऱ्हेने सांगताच येत नाही. स्वतःची टिंगल केली की लोक हसतात, आणि हसलेलं माणूस शिक्षा देत नाही. हा शोध मला फार वर्षांपूर्वी लागला होता, आणि मी त्यावरच जगत आले. आत्याबाईंचं नाव त्या हसण्यात कुठे राहिलं, ते मला शोधूनही सापडलं नाही.

सूनबाई करंडा घेऊन रांगेने कुंकू लावत निघाली. माझ्या डावीकडच्या बाईला लावलं. माझ्यापाशी तिचा हात आला, जरा थांबला, आणि उजवीकडच्या बाईच्या कपाळाकडे गेला. चाखायचं न चाखायचं कोणी बघत नाही आता. हे मात्र सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्या एकदम पंख्याकडे बघायला लागल्या.

तिला ते लागलं असावं. करंडा ठेवून ती लगेच आत गेली आणि माझ्यासाठी पेला भरून घेऊन आली, काठोकाठ, वर केशराची काडी. "आई, सगळ्यांबरोबर तुम्ही घेतलंच नाहीत."

"नको गं," मी म्हटलं. "दात आंबतात."

बरं, म्हणाली, आणि पेला परत घेऊन गेली. माझी कवळी बसवून सहा वर्षं झाली. डॉक्टरांकडे तीच घेऊन गेली होती.