शिळ्या पाण्यातला मासा

नर्मदाबाईंच्या घरी मासे आलेत हे कळलं तेव्हा मला कौतुक वाटलं नाही, वैतागच आला. आधीच घरात अंथरुणाला खिळलेला नवरा, पाणी आणायचं ते गल्लीच्या टोकाच्या हापशावरून, आणि त्यात ही काचेची पेटी. पूर्णा गावात त्यांचं दोन खोल्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लागून होतं. त्यांचे मालक लिंबाजी रेल्वे जंक्शनवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचे. रिटायर होऊन वर्ष झालं नाही तोच त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली.

मुलगा सूर्यभान तिकडे सिकंदराबादला नोकरीला. ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. विद्यापीठाच्या नामांतरावरून अधूनमधून बंद व्हायचे, गाड्या रखडायच्या, आणि सूर्यभानला न येण्याला कारण मिळायचं. एकदाचा आला तो ही पेटी आणि तीन सोनेरी मासे घेऊन. "बापाला बघायला काईतरी होईल," म्हणाला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेला. बापाची बघायची सोय झाली, आईची राबायची. मी हे त्याच्या तोंडावर बोलले नाही, शाळेत मुलांवर चिडून घेतलं.

पण एक खरं. लकवा झाल्यापासून लिंबाजी जेवताना फार छळायचे. घास तोंडाशी नेला की मान फिरवायचे. मासे आल्यावर त्यांनी नवीनच तऱ्हा काढली. आधी त्यांना टाक, मग मला दे, असं डाव्या हाताने खुणवायचे. नर्मदाबाई चिमूटभर भिजवलेली कणीक पाण्यात सोडायच्या, मासे वर येऊन तोंडं उघडायचे, आणि मग यांचंही तोंड उघडायचं. सकाळी, दुपारी, रात्री हेच. बाईंना वाटलं, देव पावला.

मासे मात्र वाढेनात. आमच्याकडे रात्रीचं पाणी सकाळी कोणी पीत नाही. उठल्याउठल्या माठ उपसायचा, शिळं पाणी झाडाला घालायचं, हंडे राखेने घासून ताजं पाणी भरायचं. नर्मदाबाईंनी माशांनाही तोच नियम लावला. रोज पहाटे मासे पातेल्यात काढायचे, पेटी राखेने घासून लख्ख करायची आणि हापशाचं ताजं पाणी ओतायचं. मला तरी त्यात काय वावगं दिसणार, माझ्या घरीही हंडे तसेच घासले जात होते. पावसाळ्यात दोन मासे मेले. तिसऱ्याने तग धरला, पण आणला तेव्हा पेरभर होता, तो दिवाळीलाही पेरभरच.

दुसरा मासा मेला त्या दिवशी लिंबाजींनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही. "बाई, आता ह्यो गेला तर ह्यांचं कसं व्हायचं वं?" नर्मदाबाई माझ्या ओट्यावर बसून म्हणाल्या. "मी लय थकले. रडावं म्हनलं तर तेवढंबी बळ न्हाई."

भाऊबीजेला माझा भाऊ किशनराव आला. तो येलदरी धरणावर मत्स्य खात्यात होता. मी त्याला ओवाळण्याआधीच शेजारी पिटाळलं. त्याने पेटी पाहिली, सगळं विचारून घेतलं आणि म्हणाला, "मावशी, तुमी ह्याला खाऊ घालू घालू मारायलात."

मग त्याने समजावून सांगितलं. उरलेली कणीक पाण्यात सडते, माशाची घाणही त्यातच. अशा पाण्यात माशाची सगळी ताकद जगण्यातच जाते, अंगाला काय लागणार. पाणी बदलायला हवंच, पण सगळं एकदम नाही. ती घाण खाणारे डोळ्यांना न दिसणारे जीव काचेला धरून असतात, ते राखेने घासून जातात. वर रोज सकाळी गार पाण्याचा धक्का. पेटी लहान, त्यात तिघांची दाटी झालेली, आता थंडी. थंडीत माशाची भूक मंदावते आणि वाढही. चार दिवसांनी थोडंसं पाणी काढा, तेवढंच बादलीत रात्रभर ठेवलेलं घाला. खाणं दिवसातून एकदा, तेही नखावर मावेल एवढं.

"म्हंजे शिळं पानी घालू?" नर्मदाबाईंनी विचारलं. ते त्यांनी कसंबसं मान्य केलं. खाण्याचं ऐकून मात्र त्यांचं तोंड उतरलं. "एकदाच? मग ह्यांनीबी एकदाच जेवायचं का?"

 

दोन दिवसांनी दुपारी मी भाजी द्यायला गेले. नर्मदाबाईंनी पेटीवर हात नेला, बोटं एकमेकांवर चोळली. चिमटीत काहीच नव्हतं. मासा सवयीने वर आला, त्याने तोंड उघडलं, मिटलं. लिंबाजींनी घास घेतला. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी भाजी ठेवून परत आले.

सकाळी खरं, दुपारी आणि रात्री खोटं, असा हिवाळा गेला. उबेसाठी पेटीला मागून पोतं गुंडाळलं होतं. पाणी जरा हिरवट दिसायचं, पण मासा होळीपर्यंत बोटभर झाला, अंगावर रंग चढला. मला वाटलं, बाई आता सुखावतील. त्या उलट वाळत चालल्या होत्या. घास भरवता भरवता भिंतीला टेकून त्यांचा डोळा लागायचा. "उभ्या जन्मात ह्यांच्याशी खोटं बोलले नव्हते," म्हणायच्या. "आता रोज फसवायलेय." मी म्हणायचे, बरं करताय. दुसरं काय म्हणणार होते.

चैत्रात एका दुपारी मी तिथेच बसून लिंबाजींना वारा घालत होते. बाईंनी रिकामी चिमूट पाण्यावर फिरवली, मासा वर आला. घास पुढे केला तर लिंबाजींनी तोंड उघडलं नाही. डाव्या हाताने त्यांनी बाईंचा चिमटीचा हात आपल्या छातीवर ओढून घेतला आणि त्यांची बोटं एकेक करून मोकळी केली.

"काई... न्हाई हितं," ते म्हणाले. "लय दिसापासनं... दिसायलंय मला."

दिवसभर त्या पेटीकडेच बघत पडलेला माणूस. त्याला दिसणार नाही असं आम्हा दोघींना वाटलं कसं, कोण जाणे. नर्मदाबाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मग खात कशाला होता वं?"

शब्द गोळा करायला त्यांना फार वेळ लागला. "मी खाल्ल्याबिगर... तू कुटं... खातीस."

त्यांनी घासाचा हात बाईंच्याच तोंडाकडे ढकलला आणि तसाच धरून ठेवला. त्या दिवशी नर्मदाबाई आधी जेवल्या.