उघड्या दाराचे मामा

सापाला घाबरणारी आणि पोलिसाला घाबरणारी माणसं आमच्या बीदरकडे पुष्कळ होती. वाकड्या अक्षराला घाबरणारा माणूस मात्र मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या बायकोचे मामा. ते मैलूरला राहत आणि दुकानांच्या पाट्या रंगवत. मराठी, कानडी, उर्दू, ज्याला जी हवी ती. ज्या हलवायाच्या पाटीवर अक्षरं दाटीवाटीनं बसलेली, त्याची जिलेबी त्यांनी जन्मात खाल्ली नाही. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, सही करायला लावली. ती उलटसुलट पाहून म्हणाले, "मात्रा लई खाली वाकलीय. पोरगं भिडस्त हाय. द्या पोरगी." त्या भिडस्तपणाची मला आजही लाज वाटते, पण संसार झाला तो त्याच्याच जिवावर.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. 'आमचा कारभार आम्ही करू' असं भिंतीभिंतीवर लिहायचं आमच्या चळवळीनं ठरवलं. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी शेजारी एक खूण हवी होती. मामांना गळ घालायला मीच गेलो. खूण ठरली उघड्या दाराची; पण दार कुणीकडे उघडावं यावर मामांनी बैठकांमागून बैठका घालवल्या. "बाहेर उघडलेलं दार म्हंजे आतला माणूस हाकलायलाय असं दिसतंय. आत उघडू द्या, 'या' म्हणल्यावानी." कार्यकर्ते वैतागले. "मामा, काढा की कसलं बी दार!" "कसलं बी पायजे तर मला कामून बोलावलाव?" म्हणत मामा कुंचले आवरू लागले. दार आतच उघडलं. मग तिन्ही भाषांच्या अक्षरांना त्यांनी एकच जाडी, एकच गोलाई दिली. उर्दूची लपेट आणि कानडीचं वळण शेजारी ठेवलं की सख्ख्या बहिणी वाटाव्यात. आणि हे सगळं भर दुपारी, कारण कंदिलाच्या उजेडात रंग कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. सगळा गाव सावलीला आडवा झालेला, म्हणून निभावलं.

निभावलं ते फक्त लिहिताना. तसं अक्षर अख्ख्या तालुक्यात दुसऱ्या कुणाचं नव्हतं, आणि खुद्द ठाण्याची पाटीही मामांनीच रंगवलेली. अमीनसाहेबांनी, म्हणजे ठाण्याच्या फौजदारांनी, त्यांना बोलावलं. बरोबर मी गेलो. अमीनसाहेबांचा मामांवर लोभ होता. कागद पुढं सरकवून ते हळूच म्हणाले, "मामू, यही जुमला लिखो. टेढ़ा-मेढ़ा लिखो और घर जाओ." मामांनी ते भिंतीवरचं वाक्य खरंच तसं लिहिलं. गचाळ, तिरपं, कोंबडी नाचल्यासारखं. अमीनसाहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मामा उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले.

"साहेब, तेवढा कागद द्या. असं ठेवून जायला जीव होईना."

"मामू, जाओ!"

"मामा, चला हो!" मी त्यांचा दंड धरला.

त्यांनी दंड सोडवला, कागद उलटा केला आणि तेच वाक्य पुन्हा लिहिलं. भिंतीवर होतं तस्सं. अमीनसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला.

गुलबर्ग्याच्या तुरुंगात त्यांना भेटायला गेलो तेव्हा मी रडायलाच लागलो. त्यांना यात ओढलं मी. गजाआड मी असायला हवा होतो. मामा मात्र मजेत. बराकींचे नंबर रंगवायचं काम त्यांनी जेलरकडून मिळवलं होतं. "रडायलाव कामून, जावईबापू? रंग सरकारी हाय, हात आपला हाय." मग आवाज उतरला. "भिंती पुसल्या असतील न्हाई?"

मी सांगितलं, चुना मारला. पण पातळ मारला. उन्हानं वाळला तशी अक्षरं खालून पुन्हा वर आलीत.

"लोकं थांबायलेत का?"

"व्हय मामा. थांबायलेत, वाचायलेत."

पुढं मामा सुटून आले, बरीच वर्षं जगले, पुष्कळ पाट्या रंगवल्या. पण मला आठवतो तो त्या क्षणीचा त्यांचा चेहरा. काम संपवून, रस्ता ओलांडून, पलीकडून आपल्याच पाटीकडे गुपचूप बघत उभ्या राहिलेल्या माणसाचा.