आली भवानी!
सुक्या बोंबलांचा वास आला की मला मुरूडचा मासळीबाजार आठवतो. भावाचं नुकतंच लग्न झालं होतं आणि नागपूरच्या नव्या वहिनीला मी हौसेनं बाजारात नेलं होतं. आम्हाला पाहून कोळीण शेजारणीला म्हणाली, "आली गो माझी भवानी!" वहिनी लालबुंद झाली. "भवानी कोणाला म्हणता?" "तुलाच, बाय! सकाळपासून कोन फिरकला न्हाय. पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, शुभ असते ती." वहिनी विरघळली आणि गप्पा मारत बसली. घरी पोचायला उशीर झाला, तशी आई दारातच कडाडली, "आली भवानी!" वहिनी लाजली आणि वाकून तिच्या पाया पडली. आईचा रागच अडकला. अजूनही आई तिला भवानीच म्हणते. कुठल्या अर्थानं, ते विचारायची घरात कुणाची छाती होत नाही.