काडीएवढी फट

तिसऱ्या रांगेत फुलाची पाकळी शेजारच्या पाकळीला भेटेना, तेव्हा मी थापी खाली ठेवली.

श्रीवर्धनला उस्मानशेठ सुपारीवाल्यांच्या दिवाणखान्यात फरशी बसवत होतो. वस्तादाचा हात सोडून घेतलेलं माझं पहिलंच काम. आठ दिवसांवर शेठच्या मुलीचा निकाह. सिमेंटच्या रंगीत फरशा मुंबईहून गलबताने आलेल्या. चार फरशा जुळल्या की एक फूल व्हायचं.

त्या काळी फरशा हाताने साच्यात दाबत. एखादी अर्धा सूत मोठी, एखादी लहान. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हा फरक जिरवायला दोन फरशांमध्ये सारखी फट ठेवायची आणि ती नंतर सिमेंटने भरायची. तिला आम्ही दर्जा म्हणतो. शेठना तोच नको होता, म्हणून फरशा चिकटवून बसवत होतो.

"मुंबैत दोस्ताच्या बंगल्यात बघितलंय मी," शेठ म्हणाले. "नख पण जात नाय."

"ती विलायती, शेठ. एका साईझची. तुमच्या सगळ्या सावत्र भावंडं हायत."

"फटी ठेवून फरशा वाचवतोस काय?"

"मग तुम्हीच मांडून बघा," मी बोलून गेलो आणि जीभ चावली.

शेठ खरंच बसले. बसवलेल्या रांगा आम्ही उचलल्या. लुंगी खोचून त्यांनी भिंतीपासून कोरड्या फरशा चिकटवून मांडायला घेतल्या. दारापाशी पोचेपर्यंत लाईन वाकडी झाली होती आणि फुलाचा फणस झाला होता.

"फरशाच खराब," ते म्हणाले, पण आवाज उतरला होता.

मग मी फटीत जाड पुठ्ठा घालून दाखवला.

"ही फट की दिघीची खाडी?" शेठ म्हणाले.

पुठ्ठा काढून काडेपेटीची काडी घातली. फुलं जुळली. शेठची आई, बडीमा, अनवाणी चालून आल्या. "पायाला लागत नाय. हीच ठेव." त्यांच्यापुढे शेठ बोलत नसत.

काडीचं गूल भिजलं की फरशीला डाग पडतो. म्हणून मी डझनभर डब्यांतल्या काड्यांची डोकी छाटली. फरशी बसली, की काड्या उपसायच्या, धुऊन डबीत भरायच्या आणि पुढच्या रांगेला वापरायच्या. डब्या खिडकीत ठेवायचो.

निकाहच्या दोन दिवस आधी आचारी आला. त्याने खिडकीतली डबी उचलली आणि चुलीपाशी अंधारात काड्या ओढत बसला. एक पेटेना. दुसरी डबी, तीच तऱ्हा.

"माल ओला दिला तुम्हाला, शेठ!"

शेठ तडक डबी घेऊन बाजारात दुकानदाराशी भांडायला गेले. दुकानदाराने डबी उजेडात धरली. "शेठ, ह्यांना डोकीच न्हाईत." बाजार हसला.

परत येताना शेठचा चेहरा बघून मी थापी, ओळंबा गोळा करायला लागलो. ते दारात थांबले, पुऱ्या झालेल्या फरशीकडे बघत राहिले.

"दर्जा भरायचा राहिलाय ना? भर लवकर," एवढंच म्हणाले.

निकाहला मुंबईचे तेच दोस्त आले. वाकून म्हणाले, "काय नाजूक लाईन आहे! कुणाची सूचना?"

"माझी," शेठ म्हणाले.

मी दारातच उभा होतो. त्यानंतर प्रत्येक कामावर मालकाला आधी स्वतःच्या हाताने कोरड्या फरशा मांडायला लावल्या. एक दुपार जाते, पण पुढचं भांडण वाचतं. सूचना कुणाची, ते मालक नंतर ठरवतो.